भुताला नियम हवा आणि हीरोला दम लागायला हवा

प्रश्न : ताई, हल्ली भुताखेताच्या कादंबऱ्या, ऑडिओ सिरीज ढिगाने येतायत पण मला भीतीच वाटत नाही. शाळेत असताना नारायण धारप वाचले की रात्री एकटीला झोपवायचं नाही. आता माझं वय झालं म्हणून असं होतं का?

उत्तर : वयाने थोडा फरक पडतो, पण खरं कारण लिखाणातच आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. आताच्या बऱ्याच कथांमध्ये तिसऱ्या पानावर आकृती दिसते, लाल डोळे, मोकळे केस सगळं आलंच, आणि मग पुढे पानंच्या पानं खुलासा की ती कोण होती, तिच्यावर कुणी अन्याय केला, आता कुठला विधी केला की ती जाणार. एवढं सगळं कळल्यावर घाबरायचं कशाला? रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत कितीतरी वेळा भूत नसतंच, घरातल्याच कुणाच्या तरी मनात काहीतरी सडत असतं आणि ते आपल्याला हळूहळू दिसायला लागतं, म्हणून त्या कथा अजून टिकून आहेत.

आणि दुसरं म्हणजे नियम. अमानवी शक्ती काहीही, कधीही, कुठेही करू शकते असं झालं की मग कशालाच अर्थ उरत नाही हो! 'तुंबाड' (2018) आठवा, राही अनिल बर्वेचा. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा, आधी सिनेमा बघा.) त्यातल्या हस्तर नावाच्या शापित देवाला सोनं मिळालं पण धान्य नाही, म्हणून तो कायमचा भुकेला, म्हणून त्याचं सोनं काढून घ्यायचं तर त्याला पिठाच्या बाहुलीची लालूच दाखवायची आणि आपण पिठाच्या रिंगणात बसायचं. एवढाच नियम, लहान मूलही सांगेल. पण तो माहीत असल्यामुळेच शेवटी एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या न्यायची कल्पना निघते तेव्हा पुढे काय होणार हे सुचायच्या आधीच पोटात गोळा येतो. सप्टेंबर 2024 मध्ये हा सिनेमा पुन्हा थिएटरला लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली, त्याचा मला फार आनंद झाला. प्रेक्षकांना अशी भीती हवी आहे, फक्त ती कुणीतरी नीट रचून द्यायला हवी.

प्रश्न : एकदम मोठा आवाज करून दचकवतात, त्याला भीती म्हणायचं का?

उत्तर : नाही. दचकणं शरीराचं असतं, दारात फुगा फुटला तरी माणूस दचकतो. सिनेमा संपून घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत शिरताना हात आपोआप बटणाकडे गेला तर ती भीती.

प्रश्न : प्रचंड बजेटचे ॲक्शनपट मी पहिल्या दिवशी बघतो पण इंटरव्हलनंतर कंटाळा येतो, पडद्यावर तर शहरंच्या शहरं कोसळत असतात. मित्र म्हणतात तुला ॲक्शन कळत नाही.

उत्तर : तुम्हाला ॲक्शन चांगली कळते, म्हणूनच कंटाळा येतो! हीरोला लागत नाही, दम लागत नाही, गोळ्या संपत नाहीत, तर मग आपण काळजी कुणाची करायची? 'जॉन विक' (2014) मला आवडतो तो यासाठी, त्यात मारामारी चालू असताना गोळ्या संपतात आणि त्याला बंदुकीत गोळ्यांचं नवीन मॅगझिन भरावं लागतं, आणि त्या दोन सेकंदांत आपला जीव वरखाली होतो. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मूळचा स्टंटमन, 'द मेट्रिक्स'मध्ये जॉन विक झालेल्या किआनू रीव्ह्जचाच डबल होता, म्हणजे धोक्याच्या दृश्यांत त्याच्या जागी उभा राहायचा, त्यामुळे त्याला माहीत आहे की हीरोने खरी ट्रेनिंग घेतली असेल तर शॉट लांब ठेवता येतो, नाहीतर दर सेकंदाला कट मारून लपवाछपवी करावी लागते आणि कोण कुणाला मारतंय तेच समजत नाही.

अर्थात भराभर कट म्हणजे वाईटच असंही नाही. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये (2015) कट भरपूर आहेत, पण महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा फ्रेमच्या मधोमध ठेवलीय, म्हणून नजर शोधत बसत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना त्या एडिटिंगचं ऑस्कर मिळालं ते अगदी रास्त. आणि आता स्टंट डिझाइनलासुद्धा ऑस्कर मिळणार आहे, 2027 मधल्या सिनेमांपासून. हाडं मोडून घेणाऱ्या या माणसांना इतकी वर्षं वगळलं होतं याचा मला खरंच राग येत होता.

प्रश्न : म्हणजे पैसा लावूच नये का? पैशाशिवाय भव्य कसं दिसणार?

उत्तर : लावा की, जरूर लावा, पण आधी माणूस लिहा. 'गॉडझिला मायनस वन' (2023) बघा, दीड कोटी डॉलरपेक्षाही कमी खर्च, हॉलिवूडच्या मानाने काहीच नाही, आणि 2024 मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर घेऊन गेला. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्ट्सचेही प्रमुख होते, त्यामुळे कुठला शॉट खरंच लागणार हे त्यांना आधीच माहीत. पण मला विचाराल तर तो राक्षस एवढा भयंकर वाटतो तो इफेक्ट्समुळे कमी आणि त्या वैमानिकामुळे जास्त, जो युद्धातून जिवंत परत आलाय आणि जिवंत असण्याचीच त्याला लाज वाटते. असा माणूस समोर असला की गॉडझिलाचं एक पाऊल पडलं तरी पुरतं, अख्खं शहर पाडायची गरज लागत नाही.