आंब्यावर उगवलेलं जाड पानांचं झाड बांडगूळ आहे का, काढून टाकू का?

भाऊ, आधी कोयता बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की बांधावरच्या गावठी आंब्याला जाड पट्ट्यांसारख्या पानांचं काहीतरी चिकटलंय, सुतळीएवढ्या पांढरट मुळ्या हवेत लोंबताय, शेजारचे म्हणताय बांडगूळ आहे, आंबा वाळवून टाकेल, आणि एकजण तर त्या मुळ्या औषधाला विकत मागतोय. तुमच्या वर्णनावरून तरी हे बांडगूळ नाहीये, ऑर्किड आहे, वांडा टेसेलाटा. त्याला बऱ्याच ठिकाणी रास्नाही म्हणतात. आमचं शेत चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला आहे, आमच्या मोहाच्या झाडावर हे मी लहानपणापासून बघतोय आणि मोह अजून टिपिकटिपिक फुलं गाळतोच आहे.

खात्री कशी करायची ते सांगतो. बांडगुळाची पानं फांद्या फांद्यांवर येतात, नळीसारखी नारिंगी-गुलाबी फुलं असतात, आणि मुख्य म्हणजे ते जिथं आंब्याच्या फांदीला भिडतं तिथं गाठ असते, सुजल्यासारखी. ती गाठ आत लाकडात घुसलेली असते आणि तिथून ते झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं, म्हणून पुढची फांदी वाळते. त्याच्या चिकट बिया फुलटोच्यासारखे पक्षी फांदीला पुसतात, तिथंच नवीन उगवतं. तुमच्या झाडावर असं काही असेल तर ते बिनधास्त काढा, गाठीच्या खालून फांदीसकट कापा, बांडगुळाला फळं धरायच्या आधी कापलं तर बेस्ट.

वांडाला गाठ नसते. एकच दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी एकाआड एक पन्हाळीसारखी दुमडलेली पानं, वीतभर, टोकाला कुरतडल्यासारखी. मुळी सालीला नुसती चिकटलेली असते, नखानं जरा उचलून बघा, खालची साल जशीच्या तशी असते, भोक नाही की काही नाही. झाड त्याला फक्त बसायला जागा देतं. ऑर्किडच्या कितीतरी जाती तर उघड्या खडकावर पण उगवतात, आता दगडातून काय शोषणार सांगा.

मग जगतं कशावर? तांब्याभर पाणी घ्या आणि त्या लोंबणाऱ्या मुळीवर ओता. डोळ्यांदेखत पांढरी मुळी हिरवी होते. मुळीवर मेलेल्या पेशींचा स्पंजासारखा थर असतो, पाऊस, दव, सालीवरून ओघळणारं धुळकट पाणी तो धरून ठेवतो, आणि ओला झाला की आतला हिरवा रंग दिसतो, म्हणजे मुळी पण पानासारखं अन्न तयार करते. शिवाय पानांची छिद्रं दिवसा बंद राहतात, रात्री गारव्यात उघडतात, म्हणून तर आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला तरी पानं जरा सुरकुततात पण झाड जातं असं नाही. मला तर या एका गोष्टीसाठीच ते फार आवडतं, केळीला दिवसाआड पाणी देऊन आपण थकून जातो आणि हे वर नुसत्या सालीवर महिनोन्महिने कोरडं बसलेलं असतं.

आणि फूल बघितलंय का? आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास दांडा येतो, पाच-दहा फुलं, चार-पाच सेंटिमीटरची. पाकळ्या हिरवट पिवळ्या, त्यावर तपकिरी रेघांची जाळी, चौकटी चौकटी, आणि मधली खालची पाकळी जांभळी. वास पण मस्त असतो. त्या चौकटींवरूनच रॉक्सबर्ग नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७९५ मध्ये याचं टेसेलाटा असं नाव ठेवलं. वांडा हा शब्द तर आपल्याकडचाच, संस्कृतात झाडावर उगवणाऱ्या वनस्पतीला वंदा म्हणतात. त्या शब्दात बांडगूळ पण येतं, त्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांचा गोंधळ फार जुना आहे, त्यांना दोष देऊ नका. आमची आजी मात्र साफ सांगायची, आंबाले काय व्हत नही, राहू दे.

मुळ्या विकायचं म्हणाल तर नको भाऊ, मनापासून सांगतो. मुळ्या ओरबाडल्या की झाड संपलं. आणि रास्ना म्हणून आयुर्वेदात मुख्यतः धरतात ती वनस्पती वेगळीच आहे, जमिनीवर वाढणारी. वांडाची एक शेंग फुटली की पिठासारखं बी उडतं, हजारोंनी, पण बियांत अन्नसाठाच नसतो, योग्य ती बुरशी सालीवर भेटली तरच एखादं रुजतं आणि फुलावर यायला पुढे कितीतरी वर्षं जातात. म्हणून शेंगा धरल्या असतील तर त्या फुटेपर्यंत राहू द्या. जंगलातून काढून आणणं तर अजिबात नको.

आंब्यावर बोर्डो किंवा दुसरं तांब्याचं बुरशीनाशक मारताना तेवढा भाग चुकवा, ऑर्किडला ते सोसत नाही. फांदी मुळात वाळकी असेल आणि वर मोठा झुबका झाला असेल तर वजनानं ती कधीतरी मोडू शकते, एवढाच काय तो धोका. आमच्याकडे एका वादळात मोहाची अशीच फांदी पडली होती, मी तिच्यावरचं ऑर्किड घरी आणून कुंडीत काळ्या मातीत लावलं, रोज पाणी घातलं आणि महिन्यात मुळ्या सडून गेल्या, फार वाईट वाटलं होतं. पुढच्या वेळी पडलं तेव्हा चिंचेच्या खरखरीत खोडाला सुतळीनं बांधलं, सकाळचं ऊन येईल अशा बाजूला, आणि पहिला पाऊस येईपर्यंत अधूनमधून पाणी शिंपडलं. त्याच पावसाळ्यात नवीन मुळ्यांची हिरवी टोकं सालीला धरायला लागली. तुमच्याकडे कधी पडलं तर असंच करा, फक्त सुतळी घट्ट आवळू नका.