यादी पूर्ण वाचली गेली पाहिजे

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. न्यू जर्सीच्या मावसभावानं व्हिडिओ पाठवला, १५ मेला तिथल्या शाळेसमोरचा झेंडा पोलिसांसाठी अर्ध्यावर आणलेला तू पाहिलास आणि तुला झोप लागली नाही. आपल्याकडे मंत्री गेला की झेंडा उतरतो, शिपाई गेला तर नाही. मग आम्हा पोलिसांचा जीव स्वस्त का, असं विचारतेस. पोलीस कर्तव्यावर गेला तर त्याच्यासाठीही झेंडा अर्ध्यावर आणावा, असा गृहमंत्रालयाला पाठवायचा अर्जही सोबत जोडला आहेस. अर्ज नेटका आहे, पाठव. मात्र पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की २१ ऑक्टोबरच्या, पोलीस स्मृतिदिनाच्या परेडसाठी वर्षभरात देशभर कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांच्या नावांची यादी टाईप करायचं 'कंटाळवाणं काम' तुझ्या गळ्यात पडलंय. तिथे माझं डोकं तापलं. पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच यादीत आहे.

आधी झेंड्याचं सांगतो. आपल्या ध्वजसंहितेत कुणाच्या निधनानंतर ध्वज अर्ध्यावर आणायचा हे ठरलेलं आहे: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान देशभर, राज्यपाल आणि मुख्यमंत्री त्यांच्या राज्यात, अशी उतरंड. त्याबाहेरच्या कुणासाठी करायचं तर केंद्रीय गृहखात्याचे वेगळे आदेश लागतात. अमेरिकेत १५ मे हा दिवस १९६२ साली पोलिसांच्या नावे झाला, पण त्या दिवशी झेंडा अर्ध्यावर आणायचं कायद्यात आलं १९९४ साली. म्हणजे त्यांनाही बत्तीस वर्षं लागली. आणि १५ मे जर सशस्त्र दलांच्या दिवशीच आला, जसा २०२१ मध्ये आला, तर त्यांचा कायदा पोलिसांसाठी झेंडा उतरवायला सांगत नाही. तुझ्या भावाला हे ठाऊक नसेल. वॉशिंग्टनला त्यांचं स्मारक आहे, १९९१ सालचं. तिथल्या भिंतींवर नावं कोरली आहेत, आणि १३ मेच्या रात्री मेणबत्त्या लावून त्या वर्षी भिंतीवर चढलेली नावं मोठ्यानं वाचतात. झेंडा संध्याकाळी घडी होऊन आत जातो. नावं राहतात, ती कुणीतरी वाचतो म्हणून.

आपल्याकडे २१ ऑक्टोबर का, हे तुला प्रशिक्षणात दोन ओळींत सांगितलं असेल. १९५९ साली तिबेटची सीमा पोलीस सांभाळत होते. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सहून निघालेल्या टेहळणी तुकड्यांपैकी एक परतली नाही. दोन शिपाई आणि एक हमाल, एवढीच ती तुकडी. दुसऱ्या दिवशी करमसिंग नावाचे अधिकारी वीसेक जवान घेऊन त्यांना शोधायला निघाले. टेकडीवरून चिनी सैन्यानं गोळीबार केला आणि दहा जण तिथेच पडले. मृतदेह मिळाले १३ नोव्हेंबरला, तीन आठवड्यांनी. पोरी, ही सगळी माणसं तीन हरवलेल्या सोबत्यांसाठी निघाली होती, आणि त्या तिघांत एक हमाल होता. मागे राहिलेल्याला शोधायला जायचं, हीच या दिवसाची सुरुवात आहे. म्हणून यादीत कुणी मागे राहता कामा नये. यादी पूर्ण वाचली गेली पाहिजे.

२६/११ घे. कामा रुग्णालयाच्या गल्लीतल्या त्या गाडीत कोण होतं विचारलं तर शाळकरी पोरंही करकरे, कामटे, साळसकर सांगतात. सांगायलाच हवं. पण त्याच गाडीत मागे बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील, योगेश पाटील बसले होते. ही तीन नावं मला न अडखळता सांगणारी माणसं पोलीस लाईनीतसुद्धा फार थोडी भेटली. गोळी तीच, गाडी तीच, रात्र तीच. झेंडा उतरवून हा फरक कसा मिटवशील तू? तो फक्त नाव घेऊन मिटतो.

मी ड्रिल शिकवायचो तेव्हा एका वर्षी वरून सूचना आली की प्रमुख पाहुण्यांना पुढे कार्यक्रम आहे, आपल्या राज्याचीच नावं वाचा, बाकीच्यांची संख्या सांगा. मी नाही म्हणालो. कधी दोनशे, कधी चारशेच्या घरात नावं असतात. तीनशे नावं नीट वाचायची तर पंचवीस मिनिटं लागतात. लागू देत! उन्हात उभ्या शिपायाला पंचवीस मिनिटं जड जात नाहीत. नागालँडचा जवान आपल्या जिल्ह्याचा नव्हता म्हणून तो आकडा होतो काय? मला हेकट म्हणाले, नंतर बढतीच्या वेळीही त्याची आठवण निघाली. निघू दे. आजही मी तेच करीन.

या हट्टामागे एक सल आहे, तोही सांगून टाकतो. माझ्या बॅचचा एक मित्र विसर्जनाच्या बंदोबस्तात सलग ड्युटी करून उभ्या जागी कोसळला. हृदयविकार, म्हणून त्याचं नाव यादीत बसत नाही असं कागदावर आलं. मी अर्ज केले, साहेबांना भेटलो, फाईल परत आली. त्याच्या बायकोनं मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दर २१ तारखेला यादी संपली की मी त्याचं नाव मनात घेतो, आणि ते पुरेसं नाही हे मला कळतं.

१ मे २०१९ तुला आठवत असेल. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांनी सुरुंगस्फोट केला. पंधरा जवान गेले, आणि गाडीचा चालक. तो पोलीस नव्हता. दिवस महाराष्ट्र दिनाचा, आणि राज्याच्या स्थापनादिनी ध्वज अर्ध्यावर आणू नये असं तीच संहिता सांगते. म्हणजे तुझा अर्ज मंजूर होऊन नियम बनला, तरी त्या दिवशी झेंडा वरच राहिला असता. नावं मात्र त्या दिवशीही घेता आली असती, सोळाच्या सोळा.

आता कामाचं. यादी इंग्रजीत येईल. तिच्यावरून आंधळेपणानं देवनागरी करू नकोस. गडचिरोलीची, ईशान्येची, केरळची आडनावं इंग्रजीतून उतरवताना हमखास मोडतात. शंका असेल तिथे त्या घटकाच्या नियंत्रण कक्षाला फोन लाव. वेळ खाऊन जातं, मला माहीत आहे, तरी लाव. पुढे त्या आडनावाची आई बसलेली असू शकते. हुद्दा आणि पूर्ण नाव लिही, आद्याक्षरं नकोत. टाईप मोठा ठेव, एका पानावर पंधराच नावं, आणि पान उलटताना नाव तुटू देऊ नकोस. जे साहेब वाचणार आहेत त्यांना यादी दोन दिवस आधी दे आणि एकदा मोठ्यानं वाचून घ्या म्हणून सांग. नवी पोरगी साहेबांना काय सांगणार, असं म्हणू नकोस. सांगायचं.

आणि कुणी म्हणालं की वेळ कमी आहे, थोडक्यात उरका, तर राखीव पोलीस निरीक्षकांकडे जा. त्यांनीही हात वर केले तर मला फोन कर, मी येतो. पहिला मसुदा १५ तारखेपर्यंत माझ्याकडे पाठव. गडचिरोलीच्या नावांचे उच्चार मी तिथल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून ठेवतो.

तुझा,
उस्ताद