गाडी-प्रश्नोत्तरे : दगड चढायचा तर टर्बो आधी की गिअर?

प्रश्न : माझ्याकडे मारुतीची जिप्सी किंग आहे, १.३ लिटर, सोळा व्हॉल्वची. ३१ इंची टायर चढवल्यापासून दगडावर फोर-लो (चारही चाकांना सर्वांत हळू आणि जोरकस ओढ) आणि पहिल्या गिअरमध्येसुद्धा तिचा दम तुटतो. गॅरेजवाले टर्बो बसवा म्हणतात. बसवावा का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नको. निदान आत्ता तरी नको. तुमचं इंजिन अशक्त झालेलं नाही, टायरने गिअरिंग बिघडवलं आहे. कंपनीचा २०५/७० आर१५ टायर सुमारे ६६८ मिमी उंच असतो, ३१ इंची साधारण ७८७ मिमी. चाक मोठं झालं की जमिनीवर मिळणारी ओढ त्याच प्रमाणात घटते, इथे जवळपास १५ टक्के. शिवाय या इंजिनाचा १०३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मिळतो ४५०० आरपीएमला, आणि दगडावर तुम्ही असता हजार-दीड हजारात. टर्बो इंजिनाच्या एक्झॉस्टवर फिरून इंजिनात जादा हवा दाबतो, आणि तिथे त्याला फिरायला पुरेसा एक्झॉस्टच नसतो. बूस्ट (हा जादा दाब) येतो तो पाय दाबल्यावर, एकदम. नेमकं त्याच क्षणी चाक सुटतं आणि गाडी रेषेवरून घसरते.

आता गिअरचा हिशेब. पहिला गिअर ३.६५, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) लो २.२७ आणि अ‍ॅक्सल ३.९ धरला, तर गुणाकार येतो सुमारे ३२. हाच क्रॉल रेशो, म्हणजे सर्वांत हळू चालीत इंजिनाचा जोर चाकापर्यंत किती पट होतो तो आकडा. ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ चा लो-गिअर सेट टाकला की तो ५९ च्या आसपास जातो, म्हणजे चाकावरचा टॉर्क ८३ टक्के वाढतो. टर्बोने टॉर्क ३० टक्के वाढला असं मानलं, तरी तो वरच्या आरपीएमला. ३१ इंची टायरवर हजार आरपीएमला गाडी आज ताशी साडेचार किलोमीटरच्या पुढे पळते. नव्या सेटवर ती अडीचच्या आसपास, माणसाच्या सावकाश पावलाने चालेल. क्लचवर अर्धा पाय ठेवायची गरज उरत नाही आणि क्लच प्लेट जळणं थांबतं.

पण एवढा टॉर्क पुढे कुठेतरी जाऊन बसणारच. जिप्सीत पहिला बळी पुढच्या अ‍ॅक्सलचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, चाक फटीत अडकलेलं आणि वरून अ‍ॅक्सिलरेटर, असं तिन्ही जुळलं की तो कडकन तुटतो. चाक अडकलं तर आधी स्टिअरिंग सरळ करा, मगच गॅस द्या. दुसरं, ट्रान्सफर केस रबर माउंटवर लटकलेली असते, ती जास्त टॉर्कने पिळली जाते. गिअर सेट बदलताना केस उतरतेच, तेव्हा माउंट नवे घाला, मजबुतीची पट्टी लावा, बेअरिंग आणि ऑइल सीलही त्याच वेळी बदला. जुन्या बेअरिंगवर नवे गिअर बसवले तर ते आवाज करतात आणि लवकर झिजतात.

आणि डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) अजून साधाच असेल तर लॉकरचा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणाऱ्या यंत्रणेचा, नंबर गिअरच्याही आधी. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की दगडावरच्या चाकालाही तेवढाच टॉर्क मिळतो जेवढा हवेतलं चाक घेतं, म्हणजे जवळजवळ शून्य. ताकद दुप्पट केलीत तर हवेतलं चाक फक्त जोरात फिरेल.

तोवर फुकटात होणारी गोष्ट : टायरची हवा १५-१६ पीएसआयवर आणून बघा. त्याखाली जाऊ नका. साध्या रिमवर टायरची कड सुटते, आणि महू-चोरलकडच्या काळ्या बेसाल्टच्या धारा मऊ टायरची बाजू कापतात.

प्रश्न : महिंद्राच्या थार सीआरडीईला (डिझेल) ट्यूनिंग बॉक्स लावला की क्रॉलिंगमध्ये, म्हणजे दगडावर हळू चढण्यात, फरक पडेल का? क्लचला धोका?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : दगडावर फारसा नाही, चिखलात पडेल. बॉक्स रेल-प्रेशर सेन्सरचा (इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा) सिग्नल मधेच बदलतो. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) दाब कमी वाटतो, म्हणून तो वाढवतो आणि डिझेल जास्त जातं. बाराशे आरपीएमला टर्बोची हवाच कमी असल्याने ते जादा डिझेल धुरातून बाहेर पडतं. खरा फायदा दोन हजारांच्या पुढे. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत टायरच्या खाचा भरल्या की त्या झटकायला चाकाचा वेग लागतो, तिथे हा टॉर्क कामाचा आहे.

क्लचला धोका आहेच. कंपनीचा क्लच कंपनीच्या टॉर्कपेक्षा थोडाच जास्त पेलतो. वरच्या गिअरमध्ये आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, असं दिसलं तर क्लच सरकू लागला समजा. एक्झॉस्ट टर्बोत शिरतो त्याच्या अलीकडे तापमानाचा मीटर बसवा आणि काटा ७०० अंशांवर टिकू लागला की पाय काढा. क्रॉलिंगमध्ये गाडीला वारा लागत नाही, म्हणून रेडिएटरची जाळी चिखलाने बुजलेली असताना बॉक्स लावून चढू नका.

प्रश्न : परदेशातल्या स्पर्धांत सातशे अश्वशक्तीच्या गाड्या दिसतात, आपल्याकडे का नाही? नियमांत फरक काय?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : तिथेही सगळीकडे नसतात. कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून होणारी किंग ऑफ द हॅमर्स ही एकाच शर्यतीत वाळवंटातली धाव आणि दगड. तिच्या ४४०० या खुल्या वर्गात इंजिनावर जवळपास बंधन नाही, म्हणून मोठे व्ही-८ दिसतात. ४६०० या स्टॉक वर्गात इंजिन आणि टायर दोन्हींवर लगाम आहे.

डब्ल्यू.ई. रॉक या दगड चढण्याच्या स्पर्धेचा खेळच निराळा. खुणांच्या शंकूंमधून दहा मिनिटांत वाट काढायची, एकदा मागे आलात तर १ गुण दंड, शंकूला धक्का लागला तर १०, आणि ४० गुण झाले की त्या टप्प्यातून बाद. कमी गुणवाला जिंकतो. तिथे बेफाम ताकद म्हणजे शंकू उडवण्याची सोय. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये विंच (गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र) आणि सहचालक इंजिनाइतकेच महत्त्वाचे.

टर्बो लावण्याआधी वर्ग बघा. एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ ने गुणून वर्ग ठरतो. उदाहरणार्थ, १२९८ सीसीची जिप्सी कागदावर २२०० सीसीच्या पुढे जाते आणि बलाढ्य गाड्यांत जाऊन पडते. आयोजक हाच गुणक लावतात का, ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत वाचा आणि शंका असेल तर लेखी विचारा. छाननीच्या टेबलावर तोंडी उत्तर चालत नाही.

गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीतल्या फेरबदलांचं कलम, लक्षात घ्या. मंजुरी न घेता इंजिन बदललेली गाडी ट्रेलरवरच न्यावी.

प्रश्न : जुनी कार्ब्युरेटरची जिप्सी उभ्या चढावर बंद पडते. ताकद कमी पडते का?
– एक वाचक, महू

उत्तर : नाही, पेट्रोलचं गणित चुकतं. गाडी तिरकी झाली की कार्ब्युरेटरचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) चुकीची पातळी दाखवतो. मग इंजिनात पेट्रोल तुंबतं किंवा मिळतच नाही. फ्लोटची पातळी किंचित खाली सेट करा. कायमचा इलाज एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी यंत्रणा. तेही टाकी अर्ध्याखाली असेल तर चढावर हवा ओढतं. आणि इंजिन ऑइल खुणेच्या वरच्या रेघेवर ठेवा. तीव्र उतारावर ऑइलचा दिवा लुकलुकला तर त्याच क्षणी इंजिन बंद करून विंचने गाडी सपाटीला आणा.