मूतखडा नेमका कशामुळे होतो? दूध, टोमॅटो आणि बोअरचे पाणी बंद करावे का?

वयाच्या ३४व्या वर्षी सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात ६ मिलिमीटरचा खडा निघाला, घरची मंडळी दूध, टोमॅटो आणि पालक बंद करायला सांगत आहेत, शेजारी बोअरच्या जड पाण्याला दोष देत आहेत, तर यातले खरे कारण कोणते, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. खानदेशातील एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि मला स्वतःला दोनदा मूतखडा झाला आहे. पहिल्या खेपेला मी भलत्याच गोष्टीला कारण धरून बसले, म्हणून दुसरी खेप आली, असे माझे मत आहे.

साखरेचा पाक जास्त आटला की पातेल्याच्या कडेला साखर धरू लागते, हे आपण पाहिलेच असेल. लघवीतही कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक अ‍ॅसिड असे पदार्थ विरघळलेले असतात आणि पाणी कमी पडले की त्यांचे स्फटिक धरू लागतात. त्यामुळे काय खाल्ले याच्या आधी लघवी किती दाट होते, हे विचारायला हवे. आमच्या शाळेतील शिक्षिकांचे स्वच्छतागृह अनेक वर्षे वापरण्याजोगे नव्हते. म्हणून मी सकाळी घरून निघताना पेलाभर पाणी प्यायचे आणि संध्याकाळी परत येईपर्यंत जेमतेम दोन घोट. त्यात आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो, म्हणजे शरीरातले बरेचसे पाणी घामावाटेच निघून जाते. एसटीचे चालक, वीटभट्टीवरचे मजूर आणि शेतात राबणाऱ्या बायका यांची स्थिती याहून वेगळी नसते.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी २४ तासांच्या लघवीची तपासणी सांगितली. प्लास्टिकचा मोठा कॅन घरी आणायचा, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्यात साठवायची. काम लाजिरवाणे वाटते, पण मला खरे उत्तर त्या कॅननेच दिले: दिवसभराची लघवी भरली ८५० मिलिलिटर. ती किमान २ ते अडीच लिटर व्हावी, असे मूतखड्याच्या रुग्णांना सांगितले जाते. अहवालात सोडियमही जास्त निघाले. मीठ जास्त खाल्ले की मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकताना त्याच्याबरोबर कॅल्शियमही जास्त सोडते, आणि आमच्या ताटात शेवभाजी, पापड, लोणचे व ठेचा असे चौघे एकदमच बसतात.

आता दुधाविषयी. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून कॅल्शियम बंद करावे, हा तर्क मलाही पटला होता आणि मी तीन वर्षे दूध-दही सोडले होते. प्रत्यक्षात जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेते; ते कमी पडले की मोकळे ऑक्झलेट रक्तात आणि पुढे लघवीत उतरते. इटलीतील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. लघवीत कॅल्शियम जास्त जाणाऱ्या आणि वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला आणि निम्म्यांना नेहमीइतके कॅल्शियम, पण कमी मीठ व कमी मांसाहार. ५ वर्षांत पहिल्या गटातील २३ जणांना पुन्हा खडे झाले, दुसऱ्यातील १२ जणांना. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या डॉक्टरांना विचारूनच आणि शक्यतो जेवणाबरोबर घ्याव्यात.

टोमॅटोवरचा आरोप मला अन्यायाचा वाटतो. त्यात ऑक्झलेट थोडेच असते आणि त्याचे बी आतड्यातून जाते, मूत्रपिंडात शिरत नाही. पालकाबद्दल घरचे म्हणतात ते खरे आहे. पालक, बीट, बदाम, काजू यांत ऑक्झलेट भरपूर असते. अळू घशाला खाजते तेही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळेच. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःहून घेत असाल तर त्याही थांबवा, कारण त्याचे काही अंशी ऑक्झलेटच बनते. लिंबू मात्र चालेल, कारण त्यातले सायट्रेट स्फटिक धरू देत नाही. सरबतात मीठ घालू नका एवढेच. बोअरच्या पाण्याचे म्हणाल तर ते जड आहे या भीतीने पाणीच कमी पिणे हे जड पाण्यापेक्षा वाईट.

याखेरीज आई-वडील किंवा भावंडांना खडा झालेला असणे, लठ्ठपणा आणि मधुमेह (यात लघवी आम्लधर्मी होऊन युरिक अ‍ॅसिडचे खडे होतात), लघवीच्या मार्गातला वारंवार होणारा जंतुसंसर्ग, पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार, जुनाट जुलाब आणि फिट्स व अर्धशिशीसाठी दिले जाणारे टोपिरामेट हे औषध, यांमुळेही धोका वाढतो. आपल्याला यांपैकी काही लागू असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

पानफुटीची पाने आणि हुलग्याचे कढण यांविषयी आपल्याला कोणी ना कोणी सांगेलच. मीही कढण प्यायले. परंतु ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआपच पडतात आणि श्रेय त्या आठवड्यात जे घेतले असेल त्याला मिळते. आपला खडा त्याहून थोडा मोठा आहे, तेव्हा त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नका. दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच रात्री रुग्णालयात जा.

खडा पडलाच तर तो हातचा जाऊ देऊ नका. माझा पहिला खडा वाहून गेला. दुसऱ्या वेळी मी चहाची जुनी गाळणी स्नानगृहात ठेवली होती आणि पाचव्या दिवशी तिच्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान, तपकिरी, गोखरूसारखा काटेरी खडा सापडला. कोरडा करून डबीतून प्रयोगशाळेत दिला, तेव्हा तो कॅल्शियम ऑक्झलेटचा असल्याचे कळले आणि त्याच दिवशी घरात दूध पुन्हा सुरू झाले.