येम्तलांड: कागदावर स्वीडन, तोंड नॉर्वेकडे

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची बदली स्वीडनमधल्या ऑस्टरसुंडला होतेय, नकाशात एकदा येम्तलांड 'प्रांत' दिसतो, एकदा 'जिल्हा', एका ठिकाणी तर चक्क 'प्रजासत्ताक' लिहिलंय. मग हे नक्की आहे तरी काय, आणि बर्फाशिवाय तिथं काही आहे का? आम्ही बरीच वर्षं इथंच राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रांत-जिल्हा आधी संपवू. स्वीडनचे जुने प्रांत 1634 पासून सरकारी कारभारात नाहीत. कर, दवाखाने वगैरे सगळं जिल्ह्याकडे. येम्तलांड जिल्हा 1810 मध्ये झाला. त्यात येम्तलांड हा जुना प्रांत आहेच, शिवाय दक्षिणेचा हारयेदालेनही. सगळा मिळून सुमारे 49,000 चौरस किलोमीटर, म्हणजे डेन्मार्कपेक्षा मोठा, आणि वस्ती सव्वा लाखाच्या थोडी वर. पण 'तुम्ही कुठले' असं विचारलं की माणूस जिल्हा नाही, प्रांत सांगतो.

आता खरं गणित. इथलं पाणी पूर्वेला, बोथ्नियाच्या आखाताकडे वाहतं. माणसं मात्र शेकडो वर्षं पश्चिमेला जात राहिली. पूर्वेला मैलोन्‌मैल ओसाड जंगल आणि हिवाळ्यात गोठणारा समुद्र. पश्चिमेला डोंगर आहेत खरे, पण त्यांत सोप्या खिंडी आहेत, आणि पलीकडचा नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा फियोर्ड (जमिनीत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी) गोठत नाही. तळी आणि दलदली गोठल्या की शेतकरी घोड्यांच्या घसरगाड्या जोडून नॉर्वेतल्या लेव्हांगरच्या बाजाराला निघायचे. कातडी आणि लोखंड न्यायचे, मीठ-मासे आणायचे. इथं सरदार-जहागीरदार जवळजवळ नव्हतेच. स्वतःच्या जमिनीचा मालक असलेला शेतकरी हाच व्यापारीही होता. लोकांचा ताठा कुठून आला असेल, याचं माझ्या मते हेच उत्तर.

राज्यकर्त्यांचंही तसंच झालं. 1178 मध्ये नॉर्वेच्या स्वेर्रे राजानं गोठलेल्या स्टूरशॉन तळ्यावरच्या लढाईत येम्तलांडच्या लोकांना हरवलं आणि प्रांत नॉर्वेकडे गेला. पण चर्चचा कारभार उप्सालाच्या आर्चबिशपकडेच राहिला. म्हणजे राजा नॉर्वेचा आणि धर्मगुरू स्वीडनचा, असा मामला चारशे वर्षं सुरळीत चालला! पुढे नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली गेला, डेन्मार्क-स्वीडन युद्धं सुरू झाली आणि हा मधला प्रांत दोन्हीकडून तुडवला गेला. 1645 च्या ब्रॉमसेब्रूच्या तहात तो स्वीडनला मिळाला. त्यानंतरही डॅनिश-नॉर्वेजियन सैन्य परत आलं तेव्हा इथल्या बऱ्याच लोकांनी त्याला साथ दिली. स्वीडिश अधिकाऱ्यांना इथल्या शेतकऱ्यांचा भरवसा वाटत नसे, तो उगाच नव्हे.

या डोंगरांतली सगळ्यात भीषण गोष्ट 1719 च्या जानेवारीतली. स्वीडनचा राजा बारावा कार्ल नॉर्वेत मारला गेला तेव्हा त्याच्या जनरल आर्मफेल्टचं सैन्य ट्रॉन्डहाइमच्या बाजूला होतं. त्यात फिनलंडचे सैनिक फार. माघारीची वाट त्यांनी डोंगरावरून धरली आणि वादळात सापडले. बंदुकांचे दस्ते जाळून शेकोट्या केल्या, तरी सुमारे 3,000 माणसं नुसत्या थंडीनं मेली. जे वाचले ते इकडच्या हांडॉल गावात उतरले. तिथं आज स्मारक आहे. ओरेला स्कीइंगला जाल तेव्हा तिथून पुढे जाऊन बघा, आणि हिवाळ्यात डोंगरावर जाताना हवामानाचा अंदाज कधीही हलक्यात घेऊ नका.

तुम्ही राहणार ते ऑस्टरसुंड तसं नवंच, तिसऱ्या गुस्ताव राजानं 1786 मध्ये वसवलेलं. जुनं ठाणं म्हणजे पुलापलीकडचं फ्रॉसॉन बेट. दर मार्चमध्ये सगळ्या प्रांताची सभा तिथं भरायची आणि तिच्याबरोबर बाजारही. तिथला रूनशिळेचा (रून या जुन्या लिपीत कोरलेल्या दगडाचा) लेख अकराव्या शतकातला आहे. ऑस्टमान नावाच्या माणसानं ही शिळा उभारली, पूल बांधवला आणि येम्तलांड ख्रिस्ती करवलं, असं त्यावर कोरलंय. धर्मांतर आणि पूल एकाच दमात! पण त्याआधीचं काय, ते 1984 मध्ये बेटावरच्या चर्चमध्ये उत्खनन झालं तेव्हा कळलं. वेदीच्या खाली बर्चचा जुना बुंधा निघाला आणि भोवती प्राण्यांची हाडं, त्यांत अस्वलांची बरीच. बळी द्यायच्या जागेवरच चर्च बांधलं होतं. नव्या देवाला जुनीच जागा द्यायची पद्धत आपल्याला काही अनोळखी नाही.

याच बेटावर संगीतकार विल्हेल्म पेटर्सन-बेर्गरचं घर आहे. 'फ्रॉसॉनची फुलं' ही त्याची पियानोची रचना इथं कुणाच्याही घरी ऐकू येईल. खरीखुरी फुलंही बघा: स्टूरशॉन तळ्याभोवतीच्या चुनखडीच्या जमिनीमुळे जूनमध्ये ऑर्किड फुलतात. इतक्या उत्तरेला बार्ली पिकते तीही या जमिनीच्याच जिवावर.

'प्रजासत्ताक' हा 1963 चा अर्धा विनोद. गावं ओस पडत होती, तरुण दक्षिणेला जात होते आणि जिल्हा शेजारच्या जिल्ह्यात विलीन करायची चर्चा होती. तेव्हा लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि इंगवे गामलिन या नटाला राष्ट्राध्यक्ष केलं. पांढऱ्या, निळ्या, हिरव्या रंगांचा झेंडा आजही घरोघरी दिसतो. हसा, पण त्यातला राग खरा आहे. जंगल आणि वीज इथली, पैसा स्टॉकहोमला, ही तक्रार तुम्हाला जेवणाच्या टेबलावर ऐकायला मिळेलच.

स्टूरशॉन तळ्यात एक राक्षसी प्राणी राहतो म्हणतात, त्याच्याबद्दलही असंच, अर्धा विनोद. 1894 मध्ये त्याला पकडायला रीतसर कंपनी निघाली. तिचा सापळा यामत्ली संग्रहालयात आहे, मुलांना जरूर दाखवा. 1986 मध्ये प्रशासनानं या प्राण्याला कायद्याचं संरक्षण दिलं. पुढे कुणीतरी त्याची अंडी शोधायची परवानगी मागितली आणि प्रकरण इतकं गंभीर झालं की 2005 मध्ये संरक्षण काढून घ्यावं लागलं.

एक गोष्ट मात्र विसरू नका: शेतकऱ्यांच्या आधीपासून आणि त्यांच्या बरोबरीनं इथं दक्षिण सामी लोक, म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियाच्या मूळ रहिवाशांपैकी एक गट, राहतात. रेनडियरचे कळप त्यांचेच. चराईच्या हक्कावरून जमीनमालकांशी कोर्टकचेऱ्या झाल्यात आणि विषय अजून नाजूक आहे. पहिल्याच ओळखीत त्यावर मत देऊ नका.

खाण्यापिण्याचं विचाराल म्हणून: शेतकरीण बायका उन्हाळ्यात गायी-शेळ्या घेऊन डोंगरातल्या गोठ्यांवर राहायच्या आणि दूध टिकवायला तिथंच चीज करायच्या. या परंपरेला 2024 मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. काही गोठे अजून चालू आहेत. शेळीचं चीज आणि चीज करताना उरलेलं पाणी आटवून केलेलं गोडसर तपकिरी 'मेसस्मॉर' घ्या. पातळ भाकरीसारख्या तुनब्रॉडवर लावून खाल्लं की भारतीय जिभेला लगेच पटतं.

आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडचं रागुंडा. एक पूर्ण दिवस ठेवा. ओंडके नदीतून वाहून न्यायला धबधबा आडवा येत होता, म्हणून माग्नुस हुस या व्यापाऱ्यानं वाळूच्या टेकाडातून कालवा खणला. 1796 च्या 6 जूनच्या रात्री पुराच्या पाण्यानं ते टेकाडच फोडलं आणि 25 किलोमीटर लांबीचं तळं चार तासांत रिकामं झालं. माणूस एकही मेल्याची नोंद नाही. धबधबा कोरडा पडला, तळाची सुपीक जमीन शेताला मिळाली आणि वाहून गेलेल्या गाळानं समुद्राकाठी नवी जमीन तयार झाली. सुंडस्वालचा विमानतळ तिच्यावरच आहे. हुस पुढच्याच वर्षी याच नदीत बुडाला. कोरडा धबधबा बघून झाला की उतानेदेचा थाई मंडपही बघून या. सयामचा राजा चुलालोंगकोर्न 1897 मध्ये या भागात आला होता, त्याची ती आठवण.

ट्रॉन्डहाइमला रेल्वेनं जायचं असेल तर मार्ग 1882 चा, स्टूरलियेनवरून. सीमेपलीकडची गाडी त्या दिवशी चालू आहे ना, ते तिकिटाआधी तपासा. घर शोधताना फ्रॉसॉनवर मिळालं तर आधी तेच घ्या, पण डिसेंबरात उजेड जेमतेम पाच तास असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या खिडक्या मोजूनच.