'लिप्पन', 'लिंपण' की 'सारवण'?

जळगावच्या एका ताईंनी विचारणा केली आहे. त्या घरी कलावर्ग चालवतात. गोल लाकडी पाट्यांवर मातीच्या वळ्या चिकटवून आणि त्यांच्या मधोमध लहान आरसे बसवून भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तू कशा करायच्या, हे त्या शिकवतात. गेल्या काही वर्षांत बैठकीच्या खोलीत सोफ्यामागच्या भिंतीवर किंवा दाराशेजारी अशी पाटी लावण्याची आवड बरीच वाढली आहे, त्यामुळे त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. त्यांच्या फलकावर 'लिप्पन आर्टचे वर्ग' असे लिहिले आहे. गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी ते पाहून 'शब्द लिंपण असा आहे' असे सांगितले. वर्गातल्या एका मुलीचे म्हणणे असे, की शब्द गुजरातीच आहे, तेव्हा बाजारात जसा चालतो तसाच ठेवावा. सासूबाईंनी तर 'हे आपलं सारवणच आहे, याला नवं नाव कशाला' असा प्रश्न केला. शुद्ध रूप कोणते, शब्द कोणाचा आणि 'सारवण' म्हटले तर चालेल का, असे ताईंचे तीन प्रश्न आहेत.

शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. शब्द 'लिंपण' असाच आहे, त्यावर अनुस्वार हवा आणि शेवटी 'ण' हवा. तो जितका गुजराती आहे तितकाच मराठीही आहे. सासूबाईंच्या बोलण्यात मात्र एक बारीक भेद सुटला आहे, आणि मला या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भेद, म्हणून त्याकडे शेवटी निवांत वळतो.

संस्कृतात 'लिप्' हा धातू आहे. त्याचा अर्थ माखणे, लेप देणे असा. 'लेप', 'लिप्त', 'अलिप्त', 'निर्लेप' हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द त्याच्यापासूनच आले आहेत. हा धातू वर्तमानकाळात चालवताना त्याच्या पोटात एक अनुनासिक शिरते आणि 'लिम्पति' असे रूप होते, जसे 'मुच्'चे 'मुञ्चति' किंवा 'सिच्'चे 'सिञ्चति' होते. मराठीतले 'लिंपणे' या 'लिम्पति'वरून आले आहे आणि गुजरातीतले 'लींपवुं'ही त्यावरूनच आले आहे. म्हणून दोन्ही भाषांत ते अनुनासिक टिकले. हिंदीत मात्र 'लीपना' हे रूप रूढ झाले, त्यात अनुनासिक नाही. आता 'लिप्पन'मधला दुहेरी 'प' कुठून आला, याविषयी माझे मत असे, की हा शब्द आपल्यापर्यंत कच्छमधून चालत आलेला नसून पडद्यावरच्या रोमन अक्षरांतून आला आहे. रोमन लिपीत 'ण' आणि 'न' यांचा भेद दिसत नाही, अनुस्वार सहज गळतो आणि पहिला स्वर ऱ्हस्व वाचला जावा म्हणून पुढचे व्यंजन दोनदा लिहिण्याची इंग्रजीची सवय आहे. ती अक्षरे पुन्हा देवनागरीत उतरवली की 'लिप्पन' तयार होते. घरातला शब्द बाहेरगावी जाऊन आला आणि येताना त्याचा वेश इतका बदलला, की घरच्यांनीच त्याला परका समजून दारात उभे केले, असे हे झाले आहे.

आपल्या शुद्धलेखनाच्या १९६२ सालच्या नियमांतला पहिलाच नियम असा, की स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी अक्षरावर बिंदू द्यावा. 'लिंपण' म्हणताना ओठ मिटून 'म्'चा उच्चार स्वच्छ होतो, तेव्हा बिंदू देण्याविषयी शंका उरत नाही.

शब्द मराठी आहे याचा दुसरा पुरावा त्याच्या घडणीत आहे. क्रियापदाला 'ण' लावून त्या कामाचे किंवा त्या कामातून उरणाऱ्या वस्तूचे नाव करण्याची रीत मराठीत फार जुनी आणि फार सोपी आहे: दळणे, दळण; कांडणे, कांडण; शिंपणे, शिंपण; जेवणे, जेवण; सारवणे, सारवण. या ओळीत 'लिंपणे, लिंपण' कोणतीही ओढाताण न होता बसते. गुजरातीतही हाच प्रत्यय असल्यामुळे तिथेही 'लींपण' असेच नाम होते. त्यामुळे विद्यार्थिनीचे म्हणणे अर्धे खरे आहे. आरसे जडवलेल्या मातीकामाची ती विशिष्ट कला कच्छची आहे आणि तिचे श्रेय कच्छलाच द्यायला हवे, पण तिला नाव देणारा शब्द दोन्ही भाषांचा सामाईक वारसा आहे. मराठीत लिहिताना आपण आपले रूप लिहिले तर त्यात कोणाचा अनादर होत नाही.

त्या कलेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण शब्दाचा आजचा अर्थ तिच्यामुळे पालटतो आहे. कच्छमध्ये 'भुंगा' नावाची गोल, मातीच्या भिंतींची आणि शंकूच्या आकाराच्या छपराची घरे असतात. २००१ सालच्या भूकंपात यांतली पुष्कळ घरे टिकून राहिल्यामुळे त्यांच्या बांधणीकडे अभ्यासकांचेही लक्ष गेले. या घरांच्या आतल्या भिंतींवर, कोठ्यांवर आणि कोनाड्यांभोवती रबारी व इतर समाजांतल्या स्त्रिया माती आणि जनावरांची विष्ठा मळून बोटांनी उंच वळ्या काढतात आणि त्यांत 'आभला' म्हणजे लहान आरसे बसवतात. परंपरेने हे काम बहुधा पांढऱ्या मातीत होते, त्याला रंगांची गरज नसते. दिव्याच्या एका ज्योतीने सगळी भिंत लुकलुकते, एवढेच त्याचे वैभव असते. आपल्या शहरांत विकली जाणारी पाटी बहुधा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या, फळीवर, तयार माती, डिंक आणि ॲक्रिलिक रंग वापरून केलेली असते. तिच्यात भिंतही नाही आणि लिंपण्याची क्रियाही नाही, फक्त तिची नक्षी आहे. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण घरात मातीचा स्पर्श पुन्हा हवासा वाटणे मला मनापासून चांगले वाटते. मात्र शब्द वापरताना नक्षी आणि क्रिया यांतले अंतर आपल्या ध्यानात असावे.

आता सासूबाईंच्या 'सारवण'कडे येतो. माझे बालपण अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, धाब्याच्या घरात गेले. लाकडी सरांवर किलचन म्हणजे आडव्या काटक्या, त्यावर पाला आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे ते सपाट छत पावसाळ्यापूर्वी दरवर्षी नव्या मातीने नीट करावे लागे. भिंतीही मातीच्याच होत्या. अशा घरात मातीची कामे वर्षभर चालत आणि प्रत्येक कामाला वेगळे क्रियापद असे. माझ्या मायच्या तोंडी ही क्रियापदे एकमेकांच्या जागी कधीही येत नसत. आम्ही मुले मात्र चुकत असू, आणि मग ती हातातले काम थांबवून आम्हाला दुरुस्त करत असे.

सारवायची ती भुई. शेण पाण्यात कालवून, कधी त्यात थोडी माती घालून, उकिडवे बसून मागे मागे सरकत हाताने अर्धवर्तुळे काढत ते काम होई. वाळल्यावर जमिनीवर बोटांची ती अर्धवर्तुळे एकात एक गुंतलेली दिसत, आणि भिंतीच्या कडेने चुन्याचा एक पांढरा पट्टा ओढला की घर सणाला तयार झाले असे वाटे. थर अगदी पातळ असे आणि तो दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावा लागे.

लिंपायची ती भिंत, चूल, कणगी आणि भेग. लिंपण्याचा गारा घट्ट असतो. त्यात गव्हाचा भुसा घालतात, पायांनी तुडवतात आणि दोन-तीन दिवस मुरू देतात, कारण भुशाचे आणि शेणातले तंतू मातीला धरून ठेवतात आणि वाळताना तिला तडे जाऊ देत नाहीत. मग तळहाताने दाब देत तो थर खालून वर चढवतात. सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा भागात, भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या घरांना बांबूच्या किंवा काठ्यांच्या विणलेल्या कुडाच्या भिंती असतात. त्यांना आतून-बाहेरून माती देण्याचे काम म्हणजे लिंपणेच, ते सारवणे नव्हे. 'लिंपणे'च्या अर्थात बुजवणे, सांधणे, वारा येणारी फट बंद करणे हेही आहे. धान्याने भरलेल्या कणगीचे तोंड लिंपतात, ते सारवतात असे मी कधी ऐकलेले नाही.

तिसरे क्रियापद 'पोतारणे'. लिंपलेली भिंत वाळल्यावर पांढऱ्या मातीचे किंवा चुन्याचे पातळ पाणी फडक्याच्या बोळ्याने तिच्यावर फिरवणे म्हणजे पोतारणे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. तिच्यासाठी घर स्वच्छ करून रंगवण्याची चाल खानदेशात आजही घरोघर पाळली जाते. तेलरंगांचे डबे येण्यापूर्वी त्या दिवसांत घरोघर पोतारण्याचीच घाई चालत असे. हिंदीतला 'पोतना' आणि आपले 'पोतेरे' हे याच गोतातले शब्द आहेत. घराच्या सजावटीत आज 'लाइम वॉश' म्हणून ज्या पुसट, ढगाळ छटेच्या चुन्याच्या भिंतीचे कौतुक होते, ती पोतारलेल्या भिंतीची जवळची नातेवाईक आहे. 'चुन्याने पोतारलेली भिंत' असे म्हटले तर खानदेशातल्या माणसाला डोळ्यांपुढे नेमकी तीच छटा दिसेल, असे मला वाटते.

म्हणून 'सारवण' हा शब्द आपल्या आरशांच्या पाटीला चालणार नाही. सारवण भुईचे असते, पातळ असते, त्यात उठाव नसतो. उठावाची नक्षी घट्ट मातीतच निघते आणि घट्ट माती लावण्याला आपण लिंपणेच म्हणतो.

तरीही सासूबाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'सारवणे'ची व्युत्पत्ती पाहिली तर ती शेणामातीपर्यंत जात नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'समारच्', म्हणजे नीट रचणे, मांडणे, या धातूच्या जागी प्राकृतात जी रूपे येतात त्यांत 'सारव' हे एक दिले आहे. त्याच ठिकाणी 'सिच्' धातूला 'सिंप' हे रूप सांगितले आहे आणि आपले 'शिंपणे' त्यावरून आले. अंगणात सडा शिंपायचा आणि घरात भुई सारवायची, ही सकाळची दोन कामे त्या व्याकरणातही एकमेकांशेजारी येऊन बसली आहेत, याचा मला फार आनंद होतो. तात्पर्य इतकेच, की 'सारवणे'चा मूळ अर्थ घर नीट लावणे, सजवणे असा होता. पुढे तो आकसून शेणाने भुई माखणे एवढाच उरला. आज ज्याला आपण 'होम डेकोर' म्हणतो त्याला जवळचा असा जुना देशी शब्द शोधायचा झाला तर तो 'सारवण' हाच निघेल. मात्र आजच्या वापरात तो अर्थ जिवंत नाही, आणि व्युत्पत्तीच्या आधाराने कोणालाही जुना अर्थ पुन्हा चालवता येत नाही.

याच संदर्भात 'गिलावा' या शब्दाचाही उल्लेख करतो, कारण ताईंच्या पत्राच्या शेवटी 'मड फिनिश'च्या भिंतीला मराठीत काय म्हणावे असाही एक छोटा प्रश्न आहे. फारसीत 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी. त्यांपासून झालेला 'गिलावा' म्हणजे मुळात मातीचा पातळ कालाच. मराठीत मात्र तो चुन्याच्या आणि पुढे सिमेंटच्या लेपाला लागू झाला. आमच्याकडचे गवंडी त्यालाही बाजूला सारून 'पलस्तर' म्हणतात. हल्ली वास्तुविशारद सिमेंट टाळून चुना, माती आणि भुसा यांचा लेप भिंतींना देऊ लागले आहेत. त्याला 'मातीचा गिलावा' म्हटले तर शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत जातो आणि गवंड्यालाही काम समजते. तो लेप थापीने सपाट केला असेल तर गिलावा म्हणावे आणि हाताने दाबून चढवला असेल तर लिंपण. फरशीवर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा जो 'मायक्रोसिमेंट'चा थर हल्ली देतात त्याला मात्र यांपैकी कोणतेही नाव देऊ नये. ती वस्तू नवी आहे, तिला तिच्या नव्या नावानेच ओळखावे.

काहीजण विचारतील, की 'लिपी' हा शब्दही 'लिप्'पासूनच आला का. पारंपरिक व्युत्पत्ती तशीच सांगितली जाते आणि शाई माखण्याची कल्पना तिला पटण्याजोगी करते. परंतु वायव्येकडच्या शाहबाजगढी येथील अशोकाच्या लेखात 'दिपि' असे रूप आढळते आणि जुन्या फारसीतही लेखासाठी 'दिपि' हाच शब्द आहे. त्यामुळे अनेक विद्वान तो शब्द इराणी मानतात. त्याचा आपल्या लिंपणाशी संबंध जोडण्याचा मोह टाळावा, असे मी सुचवेन.

फलकाबाबत माझी सूचना अशी, की त्यावर 'कच्छी लिंपणकाम' असे लिहावे. 'आर्ट' शब्द ग्राहकांच्या ओळखीचा म्हणून ठेवायचा असेल तर 'लिंपण आर्ट' लिहिण्यासही हरकत नाही, फक्त बिंदू आणि 'ण' सोडू नये. 'लिंपण' हे नाम नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'सुंदर लिंपण', 'माझे लिंपण' असे म्हणावे. 'माझी लिप्पन' असे आपल्या पत्रात एकदा आले आहे, ते बदलावे. आणि वर्गाच्या पहिल्या दिवशी सासूबाईंना थोडा वेळ मुलींसमोर बसवून भुई सारवताना आणि भिंत लिंपताना हात कसा वेगळा फिरतो, ते त्यांच्याकडून दाखवून घेता आले तर अवश्य घ्यावे.