वाचकांचे प्रश्न : मन आणि माणसे

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये ‘सोशल प्रिस्क्रायबर’ आहे. मी राजापूर तालुक्यात बचत गट चालवते. तसे काम मला येथे करता येईल का?

उत्तर : करता येईल, मात्र त्या नावाचे पद येथे शोधू नका. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ च्या दीर्घकालीन आराखड्यात अशा कार्यकर्त्यांच्या नेमणुकीला स्थान दिले. एकटेपणा, कर्ज किंवा शोक यांनी खचलेल्या ज्या व्यक्तीला डॉक्टर त्यांच्याकडे पाठवतात, तिचे निवांतपणे ऐकून घ्यायचे आणि तिला रुचेल अशा मंडळाशी किंवा मदतकेंद्राशी तिला जोडून द्यायचे, हे त्यांचे काम. निदान व औषध डॉक्टरांकडेच राहते.

मुलगे मुंबईला आणि आई वाडीत एकटी, हे चित्र तुम्हाला नवे नाही. अशा बाईंना “भजनाला येत जा” एवढे सांगून भागत नाही. पहिले काही दिवस त्यांना घरून घेऊन जावे लागते, आणि रात्री पाणंदीतून विजेरी घेऊन परत कोण सोडणार, हेही आधी ठरवावे लागते. बहुतेक प्रयत्न, माझ्या मते, येथेच फसतात. त्यांनी सांगितलेले गटाच्या बैठकीत मात्र निघता कामा नये. (आपल्याकडे आस्था आणि भोचकपणा शेजारीशेजारी नांदतात!)

जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलल्यास, किंवा भास होऊ लागल्यास, मंडळ पुरेसे नाही. ‘टेली-मानस’ या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सुरुवात गावच्या आशाताईंना सोबत घेऊन करा.